खातं तिचं, ओटीपी कुणाचा?

बेसिक इन्कमचा, म्हणजे प्रत्येकाला नियमित आणि बिनशर्त मिळणाऱ्या पैशाचा, विषय निघाला की सगळी चर्चा रकमेवर जाते. लाडकी बहीण योजनेत राज्य सरकार बाईला महिन्याला देतं ते दीड हजार ठेवायचे की एकवीसशे करायचे, तिजोरीला झेपेल की नाही. पण त्या पैशाने बाईची घरातली पत वाढणार की नाही, हे ठरवणारे प्रश्न वेगळे आहेत: पैसे कुणाच्या खात्यात येतात, मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो आणि ते चालू राहायला कुणाची मर्जी लागते.

आधी खात्याचं बघू, कारण नागपुरात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लाडकी बहीण योजनेचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातील असं बायका धरून चालतात. ते जातात आधारशी ‘सीड’ असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारला जोडलेल्या खात्यात, आणि एका आधारवर असं एकच खातं असतं: जे सगळ्यात शेवटी सीड झालं ते. गटकर्जासाठी किंवा सिमकार्ड घेताना एखादं नवीन खातं उघडलं गेलं आणि तिथे संमतीची खूण झाली, की पुढचा हप्ता तिकडे वळतो. जुन्या पासबुकात काहीच दिसत नाही आणि बाई तहसीलच्या चकरा मारत बसते. ‘खातं आधारशी लिंक आहे’ एवढ्या उत्तरावर बँकेतून परत येऊ नका. लिंक म्हणजे फक्त ओळख पटवणं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग लागतं, त्याचा संमती अर्ज वेगळा असतो. कोणती बँक सीड आहे ते माय-आधार पोर्टलवर दिसतं.

तिथे लॉगिन करायला आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याचा किंवा मुलाचा. म्हणजे पैसे आले हे तिच्या आधी त्यांना कळतं. आधार केंद्रावर जाऊन आधारला स्वतःचा नंबर जोडून घेणं आणि बँकेतही तोच नंबर देणं, हे पहिलं काम. खातं एकटीच्या नावावर असावं आणि जमल्यास जनधनसारखं शून्य शिल्लकेचं, नाहीतर किमान शिल्लक नाही म्हणून काही बँकांत दंड कापला जाऊ शकतो. बँकमित्राकडे, म्हणजे वस्तीत बँकेचे व्यवहार करून देणाऱ्याकडे, अंगठा लावून पैसे काढताना पावती मागायचीच. ‘सर्व्हर गेला, परत अंगठा लावा’ म्हटलं तर आधी शिल्लक तपासायला सांगा. दोनदा पैसे वजा होण्याची तक्रार बहुधा या दुसऱ्या अंगठ्यातून सुरू होते.

हे सगळं एवढं बारकाईने सांगायचं कारण मध्य प्रदेशातल्या अनुभवात आहे. 2011-12 मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने तिथल्या आठ गावांत बिनशर्त बेसिक इन्कमचा प्रयोग केला. प्रौढाला महिन्याला 200 रुपये, मुलाला 100. वर्षभराने 300 आणि 150. रक्कम किरकोळच. पण प्रत्येक प्रौढाला आपापले पैसे मिळाले आणि मुलांचे पैसे आईच्या हातात गेले. मुलींचं वजन मुलांपेक्षा जास्त सुधारलं. त्याच राज्यात रोजगार हमीची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा करून ते खातं वापरायचं शिकवलं, तेव्हा जास्त बायका कामासाठी घराबाहेर पडल्या. नुसतं खातं उघडून दिल्याने तेवढा फरक पडला नव्हता.

लाडकी बहीण हे बेसिक इन्कम नव्हे, कारण ती बाईकडे कुटुंबाच्या चष्म्यातून बघते. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, चारचाकी नको. बुटीबोरीत नवऱ्याला महिना 22,000 पगार असेल तर वर्षाचे 2,64,000 होतात आणि नियमाने बायको बाद. त्या पगारातला एक रुपयाही तिच्या हातात पडत नसेल, तरी नियमाला त्याचं काही नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, एवढीच सोय. पुढे वयाची 65 ओलांडली की हप्ता बंद. मग म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेकडे बोट दाखवलं जातं, पण तिथली उत्पन्नमर्यादा वर्षाला 21,000 आहे. ज्या घराचं उत्पन्न लाखभर आहे तिथली म्हातारी दोन्हीकडून सुटते, आणि तेही नेमकं हातपाय थकल्यावर.

सगळ्यात जास्त खटकते ती लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं. सप्टेंबर 2025 मध्ये ती सक्तीची झाली आणि तिच्या ओटीपीनंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. नवऱ्याने टाकलेल्या बाईने तो कुठून आणायचा? विधवांना आणि घटस्फोटितांना नंतर अंगणवाडी सेविकेमार्फत कागद देण्याची मुभा मिळाली. पण परित्यक्तेकडे घटस्फोटाचा कागदच नसतो. आणि जी नांदते आहे, तिच्या नवऱ्याच्या हातात या अटीने एक दोरी दिली.

हातात नियमित पैसे असले की काय बदलतं, ते नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ तोडायच्या जागेवर बघा. देठ तोडायची मजुरी वजनावर मिळते. हात जळतात, खोकला सुटतो, तरी बाई उठत नाही, कारण उठली की तेवढी मजुरी बुडते. दीड हजार म्हणजे दिवसाला 50 रुपये. तेवढ्यात काम सुटत नाही, पण ताप असताना एक दिवस घरी थांबता येतं, आगाऊ उचल नाकारता येते. उचल नसली की मजुरीच्या दरावर बोलायला तोंड उघडतं. याच नागपुरात जुलै 1942 मध्ये दलित महिला परिषदेने गिरणी आणि विडी कामगार बायकांसाठी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि 20 वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मागितली होती. त्या मागण्या कमावणाऱ्या बाईच्या होत्या, अमक्याच्या बायकोच्या नव्हत्या.

घरकामाची वाटणी मात्र पैशाने बदलत नाही. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटांचा वेळ त्यात गेला, पुरुषांचा 88 मिनिटांचा. वस्तीत दिवसभराचं पाळणाघर नसेल तर हप्ता कितीही वाढवा, तान्हं मूल असलेली बाई हिंगण्याच्या कारखान्यात आठ तासांची पाळी करू शकणार नाही. त्यामुळे रक्कम एकवीसशे करण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात असं माझं ठाम मत आहे: नवऱ्याच्या ओटीपीची अट काढा, 65 नंतर तोच हप्ता त्याच खात्यात चालू ठेवा, आणि अंगणवाडी संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवून सेविकेला त्या वेळेचं मानधन द्या.