आडनाव स्नायडर, माहेर सातारा

"मराठी इतकं स्वच्छ बोलता आणि आडनाव स्नायडर?" मंडळाच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, पुण्याच्या बँकेतसुद्धा हे ऐकलंय. नवऱ्याचं आडनाव, एवढं सांगून मी सुटू बघते. पण पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे जर्मन का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते.

सासरे सांगतात ती गोष्ट अशी: घराणं मूळचं श्नायडर, न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरले तेव्हा तिथल्या कारकुनानं स्नायडर करून टाकलं. अमेरिकेत ही गोष्ट घरोघर सांगतात. अडचण एवढीच, की बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणारं एलिस बेटावरचं ठाणं उघडलं १८९२ साली आणि आमची मंडळी त्याच्या शंभरावर वर्षं आधी पेनसिल्व्हेनियात नांगर धरून होती. शिवाय तिथले कारकून नावं लिहीत नसत. जहाजाबरोबर आलेल्या यादीवर नुसत्या खुणा करत.

खरा धागा फिलाडेल्फियाला. १७२७ पासून तिथल्या बंदरात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घेऊन सही करावी लागे. त्या याद्या टिकल्या, १९३४ मध्ये छापूनही निघाल्या. आमच्या मूळपुरुषाची सही बघायला मी किती उतावीळ झाले होते! सही नव्हतीच. एक वाकडी फुली, तिच्या एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला आडनाव, दोन्ही कारकुनाच्या अक्षरात. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याच्या आडनावाचं स्पेलिंग बदलणार तरी कोण? पाद्री आपल्या कानानं लिही, करवसुलीवाला आपल्या.

बरं, श्नायडर म्हणजे शिंपी. गावोगाव शिंपी, म्हणून गावोगाव श्नायडर. एका जहाजावरचे दोन श्नायडर भाऊच असणार म्हणणं म्हणजे एका एसटीतले दोन कुलकर्णी सख्खे समजणं. त्यात निम्म्या पुरुषांचं पहिलं नाव योहान. हाक मारायचं नाव दुसरंच. त्या काळी बायकांच्या आडनावाला 'इन' लागायचा. 'श्नायडरिन' हे वेगळंच घराणं समजून मी सहा महिने आमच्याच आजेसासूच्या आजेसासूला बाजूला ठेवलं होतं.

आणि ती लिपी! कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. त्यातला 'ई' हुबेहूब 'एन'सारखा. आजोबांच्या दप्तरातल्या मोडीशी झटापट केलेली होती म्हणून टिकले. मोडीसारखंच, अक्षर नाही, अख्खा शब्द ओळखावा लागतो.

शेवटी आडनावानं नाही, शेजाऱ्यांनी वाट दाखवली. पेनसिल्व्हेनियातल्या एका ल्युथरन चर्चच्या वहीत पोरांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून एकच माणूस पुन्हा पुन्हा उभा. त्याचं आडनाव दुर्मीळ. ऱ्हाइनकाठच्या फाल्ट्स प्रांतातल्या एका खेड्याच्या वहीत ते आडनाव सापडलं आणि दोन पानांपुढे आमचा योहान. बापाचा धंदा: विणकर. शिंपी नव्हेच.

जर्मन का, तर त्याला विचारलं असतं तर तो फाल्ट्सचा म्हणाला असता. एकसंध जर्मनी झाला १८७१ साली.

सगळं सासऱ्यांपुढे मांडलं. चष्मा लावून त्यांनी शेवटच्या कागदापर्यंत वाचलं. म्हणाले, "छान काम केलंस. पण एलिस बेटावरच्या कारकुनाचं नाव नाही का कुठे मिळालं?"