बोटीच्या कर्ण्यासाठी दुसरी बॅटरी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडी या गावांना पंचगंगेच्या पाण्याने वेढा घातला, तेव्हा आमच्या तालमीतली पोरे काठावर उभी राहून दुसऱ्यांच्या बोटींची वाट पाहत होती. त्यानंतर वर्गणी काढून आम्ही फायबरची बोट घेतली, तिला २५ हॉर्सपॉवरचे इंजिन बसवले आणि पुढच्या बाजूला ६० वॉटच्या ॲम्प्लिफायरवर चालणारे दोन कर्णे लावले. पुरात कर्ण्याचे काम मोठे असते, कारण माडीवर दारे-खिडक्या लावून बसलेल्या माणसाला बोट आल्याचे कळतच नाही, आणि कळले तरी आधी कोण येणार, बरोबर औषधे आणि कागदपत्रे घ्यायची की नाही, हे त्याला लांबूनच सांगावे लागते.

२०२१ च्या जुलैमध्ये हा कर्णा इंजिनच्याच बॅटरीवर चालत होता. एका गल्लीच्या तोंडाशी, आतून कोणी ओ देते का ते ऐकू यावे म्हणून, आम्ही इंजिन बंद केले. बराच वेळ हाका मारल्या, ऐकले, पुन्हा हाका मारल्या. मग किल्ली फिरवली तर स्टार्टरमधून नुसता ‘कट् कट्’ आवाज आला आणि बोट ओढीने एका विजेच्या खांबाकडे सरकू लागली. दोरी ओढून इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झाले. परत आल्यावर वस्ताद एवढेच म्हणाले, “आवाज गेला तरी चालंल, पण इंजन चालू व्हायलाच पायजे.” दुसरी बॅटरी घ्यायची हे त्याच संध्याकाळी ठरले, कोणती घ्यायची हे ठरवायला मात्र बरेच दिवस गेले.

चूक बॅटरीची नव्हती. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ प्लेटा दाटीने बसवलेल्या असतात, कारण तिने काही सेकंदांपुरता भरपूर करंट द्यायचा आणि इंजिन चालू होताच तो भरून घ्यायचा, एवढेच तिचे काम असते. तिच्यावर तासन्‌तास थोडाथोडा भार टाकून तिला खाली आणली, तर ती त्या दिवशी तर दगा देतेच, शिवाय तिचे आयुष्यही घटते. म्हणून दुसरी बॅटरी मोटारीची असून चालणार नव्हते.

क्षमता ठरवण्यासाठी आम्ही क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमटा पकडून करंट मोजणारे यंत्र, लावून मोजमाप केले. माइक शांत असताना ॲम्प्लिफायर पाऊण अँपिअरच्या आत घेतो, सलग सायरन वाजवला तर ९ अँपिअरपर्यंत जातो, आणि बोलणे व थांबणे धरून सरासरी ४ अँपिअर पडते. दहा तासांच्या दिवसाला म्हणजे ४० अँपिअर-तास लागतात. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हा नियम पाळला तर ८० ची बॅटरी लागते, आणि जुनी होताना ती उतरते हे धरले तर १०० ची.

दुकानदाराने इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी सुचवली. घरात ती उत्तमच, पण तिच्यात आम्ल पातळ स्वरूपात हिंदकळत असते, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि उचलायला दोन माणसे लागतात. सीलबंद एजीएम बॅटरी, म्हणजे जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेले असते ती, तिरकी झाली तरी सांडत नाही, त्यामुळे मन तिच्याकडे झुकले होते. मात्र १०० अँपिअर-तासांची घेतली तर वजन ३० किलोच्या घरात जाते.

शेवटी निर्णय झाला तो एका साध्या प्रश्नावर. आमची बोट वर्षातले अकरा महिने शेडमध्ये उभी असते. शिशाची बॅटरी, मग ती ट्युब्युलर असो वा एजीएम, न वापरताही हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरते, म्हणून तिला सतत भरलेली ठेवावी लागते. तालमीत हे दरमहा कोण आठवणीने करणार? लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचे याच्या उलट आहे. ती निम्मी भरून ठेवलेलीच बरी, महिनोन्‌महिने ती फारशी उतरत नाही आणि तिच्यातली ८० टक्के क्षमता निर्धास्त वापरता येते. त्यामुळे ६० अँपिअर-तासांची पुरली, आणि ती एका हाताने उचलता येते. किंमत जास्त पडली, पण तो पैसा योग्य जागी गेला असे मला मनापासून वाटते.

या बॅटरीचा एक दोष मात्र जाणून घ्यावा. तिचे व्होल्टेज बहुतेक वेळ १३ च्या वरच टिकून राहते आणि संपत आली की आतले संरक्षक सर्किट एकदम पुरवठा तोडते. आवाज खोल जाऊन आधी सूचना मिळत नाही. म्हणून व्होल्टमीटरवर न विसंबता, गेलेला-आलेला करंट मोजणारा शंटचा मीटर बसवला.

दोन्ही बॅटऱ्या रिलेने, म्हणजे व्होल्टेज पाहून आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचने, जोडून इंजिनवरच चार्ज कराव्यात, असा सल्ला वायरमनने दिला होता. असा रिले साधारण १३.३ व्होल्टला बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली सोडवतो. पण लिथियमची बॅटरी नुसती बसली असतानाही १२.८ च्या वर असते, म्हणजे इंजिन बंद केल्यावरही दोन्ही जोडलेल्याच राहण्याचा धोका, आणि २०२१ ची वेळ पुन्हा येण्याची शक्यता. आम्ही दोन्हींचा संबंधच ठेवला नाही. ॲम्प्लिफायरच्या दोन्ही तारा थेट त्याच्या बॅटरीला जातात, आणि त्यामुळे कर्ण्यातून येणारी इंजिनची किरकिरही गेली. धन टोकापासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज आहे. तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली, कारण जाऊन-येऊन ६ मीटर लांबीत दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर १० अँपिअरला ०.७ व्होल्ट पडतात, तर हिच्यावर पाव व्होल्टच.

बॅटरी सध्या तालमीच्या कपाटात निम्मी भरून ठेवली आहे. मृग लागला की १४.६ व्होल्टच्या तिच्या स्वतःच्या चार्जरवर ती पूर्ण भरायची, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की बोटीत नेऊन बसवायची.