धोंडेगावच्या पुढचा मुरमाचा उतार, यावेळी पाय न टेकता

रविवारच्या सायकल राइडचा लॉग टाकतोय. आकडे हवे असणाऱ्यांसाठी आधी आकडे: नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघून परत घरी, सगळं मिळून साधारण ६० किमी, त्यातले १५-१६ किमी कच्च्यावर. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली, पुढे १०० मिमीपर्यंत दबणारा हवेवरचा फोर्क, टायर २.२५ इंची, दोन्ही ट्यूबलेस. आणि मुख्य बातमी म्हणजे धोंडेगावच्या पुढे जंगलातला जो मुरमाचा उतार आहे ना, जिथे इतके दिवस मी सायकल हातात धरून उतरायचो, तो यावेळी वरपासून खालपर्यंत पेडलवरचा पाय न काढता उतरलो. खूप म्हणजे खूप आनंद झालाय.

आम्ही चौघं होतो. डॉक्टर, ताई, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करणारा आमचा मित्र आणि मी. अंधारातच निघालो कारण सध्या गिरणाऱ्याला टोमॅटोचा सीझन आहे, उजाडलं की क्रेट भरलेल्या पिकअप आणि ट्रॅक्टरची अशी रांग लागते की सायकलला साइड मिळत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी चाललेली, काही बागा एकदम बोडक्या तर काहींना कोवळी फूट आलेली. डांबरी भागाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

धोंडेगाव सोडलं आणि कच्चा रस्ता लागला तिथे थांबून आधी हवा कमी केली. हे सगळ्यांनी करून बघाच. डांबरीवर मी हवेचा दाब ३५ पीएसआय ठेवतो, मातीवर उतरताना पुढे २३ आणि मागे २६, माझं वजन ७४ किलो आहे त्या हिशोबाने. हवा जास्त असली की टायर प्रत्येक दगडावरून उडतो, आणि उडाला की तेवढा वेळ जमिनीला चिकटलेलाच नसतो, मग ब्रेक लावा नाहीतर हँडल वळवा, काही उपयोग नाही. हवा कमी असली की टायर दगडाभोवती दबतो आणि पकड राहते. ट्यूब असेल तर मात्र इतकं खाली जाऊ नका, दगड आणि रिमच्या मधे ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. आपल्याकडे बाभळीचे आणि करवंदीचे काटे इतके आहेत की ट्यूबलेसला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त आपल्या उन्हात सीलंट (टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव) दोन-तीन महिन्यांत सुकतं, ते आठवणीने टाकत रहा.

चढ छान झाला. सावकाश, सगळ्यात हलक्या गिअरवर, गप्पा मारत. या दिवसांत त्या भागात खुरासणी फुललेली असते, उतारावरची वावरं पिवळीजर्द, मधेमधे नागलीची कणसं भरत आलेली, आणि वर गेलं की ऐन आणि सागाची झाडी सुरू होते. मागे वळून बघितलं तर कश्यपी धरणाचं पाणी दिसत होतं, अजून काठोकाठ. डॉक्टर तिथे फोटो काढत बसले ते उठायलाच तयार नव्हते.

आता उतार. आपला सगळा परिसर काळ्या बसाल्टचा, तो झिजून मुरूम होतो, आणि पावसाळ्यात त्यातली बारीक माती वाहून जाते, मग खाली टणक जमीन आणि वर नुसते सुटे खडे राहतात. फरशीवर ज्वारी सांडावी तसं असतं ते. त्यात मधोमध पाण्याने पाडलेली घळ, आणि शेवटी डावीकडे वळण, वळणावर एक गुडघ्याएवढा काळा दगड बाहेर आलेला. जोरात ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन घसरतं, आणि ब्रेक न लावावा तर वळणापर्यंत स्पीड फार होतो.

ताई आमच्यात सगळ्यात भारी उतरते. ती आधी एकदा चालत खाली गेली, लाइन, म्हणजे चाक कुठून न्यायचं ते, बघून आली आणि मला म्हणाली, "दगडाकडे बघू नकोस रे, दगडाच्या पलीकडं ते पळसाचं झाड आहे ना, तिकडं बघ. जिकडं बघशील तिकडंच सायकल जाणार." मग सीट पाच-सहा सेंटिमीटर खाली घेतली, दोन्ही पेडल आडवे, टाचा खाली दाबलेल्या, कोपर बाहेर, छाती हँडलच्या जवळ. मागे फार झुकायचं नाही हे यावेळी नीट कळलं, कारण सगळं वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळतच नाही. कंबर मागे सरकवायची ती फक्त खड्डा किंवा पायरी येते तेवढ्यापुरती.

आणि ब्रेक. महिनाभर घराजवळच्या मैदानात याचीच प्रॅक्टिस करतोय, दोन्ही लिव्हर एकेका बोटाने, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत न्यायचा, झटका नाही. सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की वजन पुढे येतं आणि पुढचं चाक जमिनीवर जास्त दाबलं जातं. पण टायरची पकड ठरावीकच असते, ती एकतर ब्रेकला वापरा नाहीतर वळायला. म्हणून स्पीड सगळा सरळ भागातच कमी केला, वळणाच्या आधी दोन्ही लिव्हर सोडले, सायकल डावीकडे कलवली, बाहेरच्या पेडलवर वजन दिलं आणि पळसाकडे बघत राहिलो. मागचं चाक थोडं सरकलं, खडे उडाल्याचा आवाज आला, आणि चाकाने परत पकड घेतली. तो काळा दगड उजव्या हाताला कधी मागे गेला समजलंच नाही. खाली पोचल्यावर फोर्क किती दबला ते दाखवणारं रबर रिंग बघितलं तर ८० मिमीपर्यंत गेलेलं, म्हणजे सेटिंग बरोबर आहे, १०० ला आपटत नाहीये.

पुढे ओढ्याजवळ सीएनसीवाल्या मित्राच्या मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) काटकी अडकली आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, आत वाकला. त्याने सायकल उलटी केली, डिरेलरच्या बोल्टमध्ये ५ नंबरची ॲलन की घातली आणि डोळा चेनच्या रेषेत ठेवून केसाकेसाने बाहेर ओढत आणला. ओढायचं, मागे होऊन बघायचं, परत ओढायचं. शंभर टक्के सरळ नाही झाला पण गिअर पडायला लागले, मग मागची सगळ्यात मोठी चकती, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, न वापरता तो घरी आला, नाहीतर डिरेलर स्पोकमध्ये जायचा धोका होता. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही, त्यामुळे स्वतःचा एक स्पेअर बॅगेत ठेवा, वजन काहीच नाही त्याला.

तिथेच शेळ्या चारणारे एक बाबा भेटले, त्यांनी सांगितलं की खालच्या वाटेने जाऊ नका, वावरं अजून ओली आहेत, बांध फुटेल. आम्ही वरून वळसा घातला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या वाटा आपल्यासाठी बनवलेल्या नाहीत, लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत, चाक लॉक करून माती उकरत जायचं नाही आणि कोणी दिसलं की थांबून रामराम करायचा.

नाशिकला सायकलिंगचं किती वेड आहे ते सांगायला नको, २०१५ ला नाशिकच्या महाजन बंधूंनी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) पूर्ण केली तेव्हापासून तर रोड बाइकवाले प्रचंड वाढले. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी तरी महिन्यातून एकदा मातीवर यावं असं मनापासून वाटतं, हँडलिंग इतकं सुधारतं की डांबरीवरच्या घाटातही फरक जाणवतो.

येताना पंपाने परत हवा भरली, गिरणाऱ्यात मिसळ खाल्ली, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि पापड, डॉक्टरांनी दोनदा रस्सा मागवला. आता मागचे ब्रेक पॅड संपत आलेत ते बदलायचेत, आणि पुढच्या वेळी पुढच्या चाकात २२ पीएसआय ठेवून तोच उतार परत करायचाय. कोणी यायला तयार असेल तर सांगा, हेल्मेट आणि स्पेअर हँगर मस्ट.