घर लावायचं ते उंचीनं

रोहिणी नक्षत्र, रविवार रात्र

मे संपता संपता आमच्या घरात वर्षातलं सगळ्यात जास्त सामान असतं. शाळू आणि गहू कोठीत भरून झाले, वर्षाची चटणी कांडून आणली, कुरडया-सांडग्यांचे डबे भरले, शिवाय वाळवणाच्या जुन्या साड्या धुऊन घडी घालून ठेवायच्या आहेत. घर म्हणजे वाटणीत आलेल्या दोन खोल्या. गावभागातला जुना वाडा, जाड भिंती, बाहेरची खोली दहा बाय बारा आणि आतला स्वयंपाक त्याहून लहान. माणसं चार. आणि तोंडावर पावसाळा. म्हणून दरवर्षी रोहिणी निघाली की मी घर नव्यानं लावायला घेते. आज सकाळपासून तेच चाललंय.

नदीकाठच्या सांगलीत घर लावणं म्हणजे कोणती वस्तू किती उंचीवर ठेवायची ते ठरवणं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून कळत नाही. इथे पावसाळ्यात लोक एकमेकांना आधी विचारतात, "पाणी किती फुटांवर?" ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचं माप. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोयनेतून सोडलेलं पाणी कृष्णेतून येतं, पलीकडून वारणा हरिपूरच्या संगमावर मिळते, आणि दोन्ही नद्या एकदम भरल्या की इथलं पाणी पुढे सरकायचं नाव घेत नाही, मागे मागे फुगत राहतं. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इकडे आधी शिरतं, मग एकेक पेठ. पुलावर किती फूट झालं की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं हे प्रत्येक घराला पाठ असतं. आमचं जोतं उंच आहे, आमचा आकडा ५३. २००५ला घोट्याएवढं आत आलं होतं, २०२१ला गुडघ्याच्या वर. आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पुलावर ५७ फूट ओलांडले तेव्हा घरात माझ्या छातीएवढं पाणी होतं.

त्या पाण्याची रेघ आतल्या दाराच्या चौकटीवर आहे. रंगाऱ्याला मी ती पुसू दिली नाही, कारण मला ती रोज लागते. रेघेच्या खाली काय आणि वर काय, एवढं एक ठरलं की बाकीचं घर आपोआप लागतं. खाली राहील ते भिजून परत धुता येईल असं: पितळी हंडा, स्टीलच्या घागरी, लोखंडी कॉट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाटा-वरवंटा. वर जाईल ते कापड, कागद, धान्य, विजेच्या वस्तू. स्विचबोर्डसुद्धा आम्ही रेघेच्या वर घेतले. मिक्सर लावताना आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हात उंच करावा लागतो, पण त्या कधी कुरकुरल्या नाहीत.

आणि ही सगळी मांडामांड पुराच्या भीतीनं केलेली असली, तरी उरलेल्या कोरड्या दिवसांत तिनेच आमचं घर मोठं केलं. जमीन मोकळी झाली. केर काढताना काही सरकवावं लागत नाही. दुपारी आत्या चटईवर पाठ टेकतात, संध्याकाळी तिथेच पोरगा पुस्तकं पसरतो, रात्री तिथेच गाद्या पडतात. दहा बाय बाराची खोली दिवसातून चार वेगवेगळ्या खोल्या होते, त्यासाठी जमीन रिकामी हवी एवढंच. लहान घरात लोक फर्निचर आणतात आणि मग फर्निचरच्या मधून वाट काढत राहतात. मला ते फार वाईट वाटतं. ज्या घरात चौघांना एकत्र मांडी घालून जेवायला बसता येत नाही, तिथे कोपऱ्यातल्या शोभेच्या टेबलाचा काय उपयोग?

वाडा बांधणाऱ्यांना हे कळलेलं होतं असं मला दर वर्षी नव्यानं पटतं. ह्या दोन खोल्यांत जमिनीवर उभं करायचं असं कपाट त्यांनी धरलेलंच नाही. भिंतीतच सगळं आहे. दोन फडताळं, तीन कोनाडे, दारामागे खुंट्यांची रांग, छताला टांगलेली कपड्यांची दांडी, आणि स्वयंपाकघरावर माळा.

आज फडताळ पूर्ण रिकामं करून पुसलं. ते आत जेमतेम नऊ इंच आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला ते फार उथळ वाटायचं. आता वाटतं की हीच त्याची खरी करामत. नऊ इंचांत डब्यांची एकच रांग बसते, डब्यामागे डबा जातच नाही. त्यामुळे घरात काय आहे ते दार उघडल्याबरोबर डोळ्यांसमोर येतं. माझ्या माहेरी मॉड्युलर किचन करून घेतलं, दोन दोन फूट खोल कप्पे. तिथे गेल्या दिवाळीत आईला मागच्या रांगेत मटकीचा डबा सापडला, आत नुसते टोके आणि पीठ. आई बिचारी हळहळत होती. फळी खोल असली की मागचं सामान घरात असून नसल्यासारखं होतं, म्हणून मी कुणी विचारलं तर हेच सांगते: फळ्या जास्त करा, खोल करू नका. डब्यासाठी नऊ-दहा इंच, कपड्यांच्या घडीसाठी चौदा-पंधरा, आणि पुस्तकांना तर आठसुद्धा पुरतात.

दुपारी शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांना मुलासाठी बॉक्सचा पलंग घ्यायचा आहे. "खाली सगळं सामान जातं, घर कसं मोकळं दिसतं," म्हणाल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ह्या पेठेत बॉक्सचा पलंग नको. २०१९चं पाणी उतरल्यावर गल्लीत घरोघरी हेच पलंग बाहेर काढलेले आम्ही दोघींनी पाहिलेत. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे होते ते पाणी पिऊन पावासारखे फुगले आणि हातात तुकडे आले. आतल्या गाद्या, स्वेटर, लग्नातल्या साड्या सगळं गेलं, कारण फुगलेलं झाकण उघडेचना. प्लायवूड घ्यायचंच तर दुकानात नंबर विचारून घ्यावा. आयएस ३०३मधलं साधं प्लायवूड दमटपणापुरतं असतं, आयएस ७१० म्हणजे मरीन, ते उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरलेलं असतं. महाग पडतं. त्यापेक्षा लोखंडी कॉट, खाली पत्र्याच्या दोन ट्रंका, आणि पुलावर ४० झाले की ट्रंका उचलून माळ्यावर. ट्रंकेला दोन बाजूंनी कड्या असतात, दोघं धरून जिना चढू शकतात. पलंग कोण उचलणार? वहिनी विचारात पडल्या. घेतील तो त्यांचा निर्णय, पण माझं म्हणणं मी मनापासून सांगितलं.

मग आला वाकळांचा प्रश्न. हा दर वर्षी येतो.

आमच्या घरात वाकळा फार. आत्यांच्या सासूबाईंच्या लुगड्यांच्या, आत्यांच्या स्वतःच्या, माझ्या पहिल्या साड्यांची एक. एकेकीचे टाके बघत बसलं तर दिवस जातो. एका वाकळेला कडेनं हिरव्या इरकलीचे काठ लावलेत, त्यातला एक तुकडा मधोमध विरलाय आणि त्यावर आत्यांनी पोराच्या जुन्या शाळेच्या शर्टाचं ठिगळ दिलंय, खिशासकट. तो खिसा अजून उघडा आहे. लहानपणी पोरगा त्यात गोळ्या लपवायचा.

पण भिजलेली वाकळ म्हणजे काय ते पुरानंतर ज्यानं उचललीय त्यालाच माहीत. सहा-सात थर कापडाचे, प्रत्येक थरात गाळ. दोघींना मिळून एक उचलत नव्हती. वाळायला ठेवली तर वरून कोरडी आणि आतून कुबट. तेव्हा चांगल्या चांगल्या टाकून द्याव्या लागल्या. म्हणून आज मी सगळ्या बाहेर काढल्या, उन्हात टाकल्या आणि आत्यांना विचारलं, "आत्या, ह्यातल्या किती ठेवायच्या?"

त्या बराच वेळ हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "अंगावर घेशील त्या ठेव. बाकीच्या पोरींना वाटून टाक, त्यांच्या अंगावर असू देत."

त्याप्रमाणे वाटण्या केल्या. दोन नणंदांना दोन, माझ्या भाचीला एक, ती पुण्यात होस्टेलला आहे. खिशाची मात्र इथेच. ती आता कॉटवर पसरलीय, बेडशीटच्या जागी. खोलीत आल्या आल्या नजर तिच्यावरच जाते आणि खोली भरल्यासारखी वाटते. घर सजवायचं म्हणून बाजारातून काही आणावं असं मला ह्या वाकळेकडे बघून वाटत नाही. राहिलेल्या दांडीवर चढवल्या. काठीनं वाकळ दांडीवर नीट टाकायची कला अजून फक्त आत्यांकडे आहे. माझी एका बाजूला घसरते.

रंगाचं थोडक्यात. पुरानंतर एकांनी आग्रहानं ऑइलपेंट सुचवला, पुसता येतो म्हणून. दगड-मातीच्या भिंतीला तो नको. भिंत आत ओली राहते, ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि रंगाचे पापुद्रे निघतात. आम्ही चुन्याचाच हात दिला, त्यात चिमूटभर नीळ. खिडकी एकच असूनही दुपारपर्यंत दिवा लावावा लागत नाही. समोरच्या भिंतीला आरसा लावलाय तो खिडकीच्या बरोबर समोर, त्यामुळे गल्लीतला उजेड दुप्पट होऊन आत येतो. कोनाड्यांपैकी एक देवाचा, एक रेडिओ आणि आत्यांच्या पोथ्यांचा, तिसरा पोराचा. त्याच्या कोनाड्यात काय ठेवायचं ते त्यानं ठरवायचं, आम्ही हात लावत नाही. लहान घरात प्रत्येकाची वीतभर का होईना, स्वतःची जागा असावी असं मला फार वाटतं.

शेवटी तानपुरा. ह्याच्यावर आज सगळ्यात जास्त वेळ गेला.

मामा, म्हणजे माझे सासरे, भजनाला बसायचे. हा तानपुरा त्यांनी मिरजेत सतारमेकर गल्लीतून घेतला होता, कर्ज काढून. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आत्यांनी पेपरातली बातमी कापून पोथीत ठेवली. मामा गेले, तानपुरा राहिला. आता आत्या एकादशीला काढतात, लावतात, चार अभंग म्हणतात. वस्तू एवढी मोठी की आमच्या खोलीत तिला जागा द्यायची म्हणजे एका माणसाची जागा द्यायची. भोपळा भिंतीला लागता कामा नये, ओल धरतो. सांधे सरसानं जोडलेले, पाणी लागलं की सुटतात. लाखेच्या पॉलिशला पांढरे डाग पडतात. २०१९ला ह्यांनी तो डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून वरच्या मजल्यावर नेला, म्हणून वाचला.

हे म्हणाले, माळ्यावर कायमचा ठेवू, गवसणी घालून. मी नको म्हटलं. माळ्यावर गेला की आत्या कुणाला काढायला सांगणार नाहीत, त्यांचा स्वभावच नाही तो. मग तानपुरा शाबूत राहील आणि एकादशीचं गाणं बंद पडेल. रेघेखाली कापड-लाकूड ठेवायचं नाही हा नियम मीच केलाय, तरी तानपुऱ्याला तो लागू करणार नाही. हाताशी असलेली वस्तूच वापरात राहते.

तर आज असं केलं. तानपुरा खिडकी आणि फडताळाच्या मधल्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर पुढे, खाली घडी घातलेलं घोंगडं. आणि वर तुळईला नवारीचे दोन मजबूत फासे बांधले, एक भोपळ्याकडचा रुंद, एक दांडीकडचा. ह्या भिंतीत खिळा धरत नाही, माती भुसभुशीत आहे, पण तुळई सागवानी आहे. पुलावर ४० झाले की तानपुरा आडवा करून त्या फाशांत घालायचा, भोपळा आधी. ह्यांनी आणि पोरानं दोनदा करून बघितलं. आत्या खालून सांगत होत्या, "घोडीला हात लावू नको रे, घोडीला हात लावू नको." पोराला एकट्यालाही जमलं, स्टुलावर चढून. हे घरी नसतील तेव्हा तेच लागणार आहे.

कागदांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. रेशनकार्ड, सातबाऱ्याचे उतारे, पोराची मार्कशीट, आत्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं प्लॅस्टिकच्या जाड पाकिटात. लग्नाचे फोटो अजून अल्बममध्येच आहेत, ते काढून एकेक सुटा करून डब्यात भरायचे राहिलेत. अल्बम भिजला की फोटो एकमेकांना चिकटतात आणि ओढले की चेहरेच निघून येतात. हे काम उद्या दुपारी.

फ्रिजचं मात्र आमचं दोघांचं ठरत नाही. सध्या तो दीड फुटी कट्ट्यावर आहे. २०१९ला जमिनीवर होता, पाण्यावर तरंगून दारात आडवा अडकला आणि दार उघडेना. हे म्हणतात कट्टा आणखी वर घेऊ. मी म्हणते मग आत्यांचा हात वरच्या कप्प्याला पोचणार नाही, त्यापेक्षा भिंतीला साखळीनं बांधू, भिजला तर भिजला, पण दार अडवायला नको. बुधवारी गवंडी येतोय, तुळईपासून साखळी घेता येते का ते त्याला दाखवायचं आहे.