पिंजणे, खेचणे आणि ‘टीज’

गेल्या आठवड्यात एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना ‘टीज’ या क्रियापदापाशी माझे काम दीड दिवस अडले. शाळेत आपण त्याचा ‘चिडवणे’ असा अर्थ पाठ करतो आणि पुढे कोश उघडण्याची गरज कोणालाच वाटत नाही. मी उघडला, तर मुळाशी निघाली लोकर. जुन्या इंग्रजीत गुंतलेल्या लोकरीचे तंतू ओढून सुटे करण्याला हे क्रियापद वापरत. लोकरी कापडावर लव उठवण्यासाठी ज्या वनस्पतीची वाळलेली काटेरी बोंडे वापरत, तिचे ‘टीझल’ हे नावही त्यातूनच आले. माणसाला सतावण्याचा अर्थ १७व्या शतकात त्याला चिकटला आणि मग त्यात थट्टाही आली.

वाचता वाचता मला शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात येणारा पिंजारी आठवला. त्याची धनुकली वाजू लागली की दुपारची झोप संपली, असे आजी म्हणत असे. आपले पिंजणेही कापसापुरते राहिलेले नाही: केस पिंजारलेले असतात, आणि तोच विषय तासन्‌तास पिंजत बसणाऱ्यांची पुण्यात कधी टंचाई नव्हती. इंग्रजीतही केस उलटे विंचरून फुगवण्याला, म्हणजे पार्लरमधल्या बॅककोंबिंगला, हाच शब्द आहे आणि किचकट मजकुरातून अर्थ सोडवून घेण्यालाही हाच. चित्रपटाचा ‘टीझर’ त्याच घरातला; उत्सुकता चाळवायची आणि हाती काही लागू द्यायचे नाही.

थट्टेपाशी मात्र दोन भाषांच्या वाटा फुटतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कट्ट्यावर मित्र एकमेकांची खेचतात, आजोबा नातवाची फिरकी घेतात, आत्या जाता जाता कोपरखळी मारते; यांतल्या कशालाही मराठी माणूस छेड काढणे म्हणणार नाही. आपल्याकडे तार छेडतात, आंदोलनही छेडतात, पण ‘छेड काढली’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दात कोंबले, आणि भारतीय इंग्रजीने त्यापुढे जाऊन, बायबलमधल्या आद्य स्त्रीचे नाव जोडून, ‘ईव्ह-टीझिंग’ घडवले. बसमध्ये बाईला धक्के मारणाऱ्याचा गुन्हा त्यामुळे जणू किंचित आगाऊ थट्टा ठरतो. मला हा शब्द भित्रा वाटतो. २०१३ साली भारतीय दंड संहितेत आलेले कलम ३५४अ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतले कलम ७५ सरळ ‘लैंगिक छळ’ असे म्हणतात.

माझ्या कथेत हे क्रियापद दोनदा येते: एकदा म्हाताऱ्याच्या तोंडी नातीसाठी आणि एकदा स्टेशनबाहेरच्या टोळक्यासाठी. लेखकाने ते मुद्दाम केले असावे, अशी मला शंका आहे. पण मराठीत तो खेळ साधेना. शेवटी मी पहिल्या ठिकाणी ‘फिरकी घेतली’ लिहिले आणि दुसऱ्या ठिकाणी ‘छेड काढली’.