धरणवाले बाबा आणि न अडवलेल्या नद्या

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं कोयना प्रकल्पावर गेली, त्यामुळे डोंगर दिसला की त्याचं पाणी कुठे उतरतं हे आधी विचारायचं, ही त्यांची सवय. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण न्यू जर्सी ते सॅन फ्रान्सिस्को हा आमचा तंबूप्रवास राष्ट्रीय उद्यानं बघायला म्हणून आखला होता आणि बाबांमुळे तो निम्मा नद्यांचा झाला. गाडीत तिघं. पुढे मी आणि नवरा आळीपाळीने, मागे बाबा, त्यांच्या मांडीवर रस्त्यांचा जाडजूड नकाशासंग्रह. फोनवरच्या नकाशात नद्या नीट दिसत नाहीत, ही त्यांची तक्रार. तक्रार रास्त आहे.

निघालो ऑगस्टच्या शेवटी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी संपली की शाळा सुरू होतात आणि उद्यानांमधली गर्दी ओसरते, शिवाय डोंगरातले उंच घाट अजून बर्फाने बंद झालेले नसतात. तंबूची जागा मात्र बऱ्याच ठिकाणी सहा महिने आधी आरक्षित करावी लागते. सगळ्या उद्यानांना चालणारा वार्षिक पास आम्ही ८० डॉलरला घेतला.

पेनसिल्वेनियापासून मिनेसोटापर्यंतच्या पट्ट्याबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. मका, सोयाबीन, परत मका. एकच गोष्ट नमूद करते. घरून जळाऊ लाकूड नेऊ नका. लाकडातून ॲश झाडांना पोखरणारा हिरवा भुंगेरा एका राज्यातून दुसऱ्यात जातो आणि त्याने आजवर कोट्यवधी झाडं मारली आहेत. जिथे जाळायचं तिथेच मोळी विकत घ्यायची, असा इथला शिरस्ता आहे.

खरा प्रवास सुरू झाला तो साउथ डकोटात, चेंबरलेन गावाशी, मिसुरी नदीच्या काठावर. हमरस्त्यालगतच्या थांब्यावर पन्नास फूट उंचीचा एका आदिवासी स्त्रीचा पुतळा आहे, पाठीवर ताऱ्यांच्या नक्षीची गोधडी पसरलेली. लोक तिच्यासोबत फोटो काढत होते आणि बाबा खाली नदीकडे बघत होते. "ही नदी नाही, हा फुगवटा आहे," म्हणाले. बरोबर होतं. खाली फोर्ट रँडल धरण आहे, हे त्याचं पाणी. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानंतर मिसुरीवर मोठ्या धरणांची माळ उभी राहिली आणि काठाकाठाच्या सू या आदिवासी लोकांच्या राखीव प्रदेशांतली सुपीक, झाडीची जमीन पाण्याखाली गेली. मी हे वाचून दाखवलं. बाबा एरवी अशा वेळी धरणाची बाजू घेतात. या वेळी एवढंच म्हणाले, "आपल्याकडच्या कोयनेच्या लोकांचं तरी अजून कुठे सगळं मिटलंय." आणि नकाशाचं पान उलटलं.

बॅडलँड्समध्ये आम्ही सेज क्रीकला तंबू टाकला. उद्यानात सीडर पासचं व्यवस्थित, नळ असलेलं तळ आहे. सेज क्रीक फुकट, पण तिथे पाणी नाही, आणि खडीच्या रस्त्याने धूळ खात जावं लागतं. गवताचं एक गोल मैदान, कडेला कोरडे संडास, आणि मुक्काम करणाऱ्यांमध्ये बायसन, म्हणजे इथले रानगवेही धरायचे. आम्ही कांदा चिरत असताना एक नर आमच्या आणि शेजारच्या तंबूच्या मधून शांतपणे निघून गेला. त्यांच्यापासून लांब राहा असा नियम आहे, पण तो त्याला कुणी सांगितलेला नसतो. आम्ही तिघं गाडीत बसून राहिलो, पोह्याचे कांदे बाहेरच.

बॅडलँड्सचे डोंगर म्हणजे थरांवर थर रचलेला जुना चिखल आणि ज्वालामुखीची राख. वर्षाला साधारण एक इंच या वेगाने ते झिजतात. खडकाच्या मानाने हा वेग भयंकर आहे. आणखी पाच लाख वर्षांत इथे काही उरणार नाही असा अंदाज आहे. लोक इथे सूर्यास्ताचे रंग बघतात. बाबांनी एक ढेकूळ हातात चुरडलं, बोटं वास घेतल्यासारखी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "हा सगळा गाळ." जन्मभर जलाशयात साठणाऱ्या गाळाशी झुंजलेल्या माणसाला गाळाचा डोंगर दाखवला तर दुसरं काय होणार! जवळून वाहणारी व्हाइट नदी खरोखरच याच गाळाने पांढुरकी दिसते.

वाटेत डेव्हिल्स टॉवर. वायोमिंगच्या माळावर अचानक उभा राहिलेला ८६७ फुटांचा दगडी खांब, उभ्या सहा-पाच कोनी स्तंभांचा. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्टने जाहीर केलेलं हे अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय स्मारक. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला अशा भेगा पडतात. मुंबईकरांनी हे अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर पाहिलेलं असतं, म्हणजे बिल्डिंगांच्या फटीतून दिसेल तेवढं. इथे भोवती एकही इमारत नाही. झाडांना स्थानिक जमातींनी बांधलेली प्रार्थनेची कापडं आहेत, त्यांना हात लावायचा नाही, फोटोही काढायचा नाही. जून महिन्यात त्यांचे विधी असतात म्हणून गिर्यारोहकांना वर चढू नका अशी विनंती केली जाते. विनंतीच, बंदी नाही. बाबांना हे फार पटलं नाही. "देवळाच्या शिखरावर चढू नका ही काय विनंती करायची गोष्ट आहे?"

यलोस्टोनमध्ये आम्ही सगळ्यात जास्त राहिलो, मॅडिसनच्या तळावर. १८७२ मध्ये स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि गर्दीही त्या मानाची. ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं कारंजं साधारण दीड तासाने उडतं. बाकांवर बसून लोक वाट बघतात, उडालं की टाळ्या वाजवतात आणि पार्किंगकडे पळतात. मला त्यापेक्षा सकाळी सहाला नॉरिसच्या गरम झऱ्यांच्या बाजूने वाफा वर येतात ते बघणं जास्त आवडलं. रंगीत कुंडांचे रंग उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे असतात. अशाच एका झऱ्यात १९६० च्या दशकात सापडलेल्या जीवाणूतून मिळालेलं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर चाचणीत वापरलं गेलं. म्हणजे कोविडच्या काळात आपल्या नाकात काडी घालून जी तपासणी झाली, तिचं एक मूळ इथल्या गरम पाण्यात आहे.

तंबूतल्या माणसाला यलोस्टोनमध्ये दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, अस्वल आणि उंची. अस्वलामुळे वास येणारी प्रत्येक वस्तू पोलादी पेटीत किंवा बंद गाडीत ठेवायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. टूथपेस्ट, साबण, मेतकुटाचा डबा, आणि बाबांची खोबरेल तेलाची बाटली. तेल खाण्याची वस्तू नाही असं बाबांचं म्हणणं होतं. "अस्वलाला नारळ माहीत तरी आहे का?" रेंजरबाईंनी हसून पेटीकडे बोट दाखवलं. उंचीची गोष्ट वेगळी. आम्ही पावणेसात हजार फुटांवर होतो, तिथे पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं आणि तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. अमेरिकन कॅम्पिंगच्या कुठल्याच यादीत प्रेशर कुकर नसतो, तो आमच्याकडे होता. तीन शिट्ट्यांना शेजारच्या तंबूतून माणूस बाहेर आला, काय झालं म्हणून. नंतर तो वाटीभर आमटी घेऊन गेला. रात्री पाणी गोठायला आलं होतं आणि नदीपलीकडून एल्क हरणांच्या नरांची हाक यायची, सुरुवातीला घोगरी आणि शेवटी कर्कश शीळ. सप्टेंबर त्यांचा माजाचा महिना. बाबांना त्या आवाजाने झोप लागेना, आम्हाला बाबांच्या घोरण्याने.

पण बाबांचं यलोस्टोन होतं क्रेग पास. ८,२६२ फुटांवर, रस्त्याला खेटून, आयसा नावाचं लहानसं तळं आहे. फारसं कुणी थांबत नाही. हे तळं खंडाच्या जलविभाजकावर बसलंय आणि दोन्ही टोकांनी दोन महासागरांकडे वाहतं. गंमत अशी की पूर्वेच्या टोकाचं पाणी लुइस, स्नेक, कोलंबिया असं करत पश्चिमेच्या पॅसिफिकला जातं, आणि पश्चिमेच्या टोकाचं फायरहोल, मॅडिसन, मिसुरी करत शेवटी मेक्सिकोच्या आखातात. बाबा काठावर किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा समुद्र जवळ टाकून पूर्वेला जाते आणि तिथलीच सावित्री पश्चिमेला, हे त्यांनी हजारदा सांगितलंय. त्यात कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरवून वाशिष्ठीत सोडलं, म्हणजे पूर्वेकडे जाणारं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. "आम्हाला त्यासाठी डोंगर पोखरावा लागला," ते म्हणाले. "इथे आपोआप!"

यलोस्टोन नदीवर पाणी साठवणारं एकही मोठं धरण नाही हे कळल्यावर मात्र त्यांना ते थोडं संशयास्पद वाटलं. सलग दोन मैल विचार करून त्यांनी विचारलं, "पूर आला तर?" येतोच. २०२२ च्या जूनमध्ये आलेल्या पुराने उद्यानाचा उत्तरेचा रस्ता वाहून गेला होता.

टीटनच्या उद्यानात फक्त एक रात्र. फोटोत दिसतं तसंच आहे. आर्चेस आणि झायन ही उद्यानं मुद्दाम सोडली. तिथे गर्दीत उभं राहायला पुढे आयुष्य पडलंय. त्याऐवजी नेवाडातल्या ग्रेट बेसिनला गेलो आणि माझं मत विचाराल तर सगळ्या प्रवासात ते सरस. १९८६ साली झालेलं हे उद्यान कुठल्याच गावाच्या वाटेवर नाही. व्हीलर शिखराच्या अंगाला, जवळपास दहा हजार फुटांवर तळ आहे. तिथून चालत गेलं की ब्रिसलकोन पाइनची झाडं लागतात, पिळवटलेली, निम्मी वाळलेली, आणि काही हजारो वर्षांची. १९६४ मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याने वन खात्याच्या परवानगीने इथलं एक झाड तोडलं आणि वर्तुळं मोजल्यावर ते जवळपास ४,९०० वर्षांचं निघालं. जिथे माती निकृष्ट आणि वारा जास्त, तिथेच ही झाडं जास्त जगतात. वाढ इतकी हळू की लाकूड घट्ट होतं आणि किडीला शिरता येत नाही.

या प्रदेशातल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत. वाळवंटात जिरतात नाही तर खाऱ्या तळ्यात मरतात. बाबांना हे पुस्तकातून माहीत होतं, तरी हायवे ५० वरून जाताना ते प्रत्येक कोरड्या खोऱ्याला नकाशात शोधत होते. इली, युरेका, ऑस्टिन, फॅलन. डोंगर चढा, उतरा, सपाट खोरं पार करा, पुन्हा डोंगर. ऑस्टिन ते फॅलन जवळपास ११० मैल आहे. टाकी भरून घ्या.

टायोगा पासने, ९,९४३ फुटांवरून, योसेमिटीत शिरलो. दरीतले एल कॅपिटन, हाफ डोम हे कडे, सगळं बघितलं, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. बाबांचा हट्ट होता तो ‘हेच हेची’ नावाच्या दरीचा. योसेमिटीत ही दुसरी दरी होती, तशीच ग्रॅनाइटच्या कड्यांची. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोला पाण्याची निकड भासली, निसर्गरक्षणासाठी लढणाऱ्या जॉन म्यूरने जिवाच्या आकांताने विरोध केला, तरी १९१३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या आत धरण बांधायचा कायदा झाला. धरण १९२३ मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच, १९१४ मध्ये, म्यूर गेला. शहर या जागेचं वर्षाला तीस हजार डॉलर भाडं भरतं. "तीस हजार? वर्षाला?" बाबा आनंदले होते. जलाशयात पोहायला बंदी आहे, कारण हे पाणी गाळण प्रक्रियेशिवाय शहराला जातं.

धरणाच्या माथ्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, दुसरी योसेमिटी बुडवली. बाबा म्हणाले, चांदोली बघ, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात वारणेचा जलाशय आहे, आणि धरण झालं म्हणून तिथे जंगल टिकलं. मी म्हटलं, गावं उठली म्हणून टिकलं. नवरा धबधबा बघायला पुढे निघून गेला.

परतताना, हेच हेचीचं धरण ज्या टूअलमी नदीवर आहे तिच्यावरचाच, बराच खालचा डॉन पेड्रो जलाशय रस्त्यातून दिसला. बाबांनी माझ्याकडून दोन्हींची साठवण विचारून घेतली. हेच हेची ३,६०,००० एकर-फूट (एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे एक एकर-फूट), डॉन पेड्रो वीस लाखांच्या वर. त्यांनी पेट्रोलच्या पावतीच्या मागे भागाकार केला. "मग वरचं लागतं कशाला?" असं स्वतःशीच म्हणाले. मी जिंकले असं वाटेपर्यंत त्यांनी पुढची ओळ लिहायला घेतली. वरून पाणी उताराने आपोआप येतं, वाटेत वीज मिळते. खालून घ्यायचं तर उपसा, गाळण, आणि तेवढी वीज दुसरीकडून. ओकडेलला चहाला थांबलो तेव्हा पावती भरली होती आणि ते जावयाला हेड, म्हणजे पाणी किती उंचीवरून पडतं तो फरक, समजावत होते.