काळ्या गाडीवरचे पांढरे डाग

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी आमची गाडी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने धुतली. आतेभावाकडून घेतलेली ही जुनी हॅचबॅक रंगाने काळी आहे. काळी गाडी घेणाऱ्याला उन्हाळ्यात ती किती तापेल हे सगळे जण सांगतात, पाण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. कळंब्याच्या बाजूला असलेल्या आमच्या इमारतीच्या आवारात, साडेनऊच्या उन्हात, शाम्पू लावून आणि रबरी नळीने भरपूर पाणी मारून मी ती तशीच वाळत सोडली आणि झेंडूच्या माळा आणायला गेलो. अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा टपावर, बोनेटवर आणि मागच्या काचेवर शेकडो पांढरी वर्तुळे उमटलेली होती. पूजेचे तबक घेऊन खाली आलेल्या सौभाग्यवतींनी गाडीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहून विचारले, "अहो, धुतली म्हणालात ना?"

पूजेची वेळ टळू नये म्हणून मी घरातला जुना सुती पंचा आणून ते डाग कोरडेच घासले. ही माझी पहिली चूक. डाग थोडे फिके झाले, पण दुपारी कलत्या उन्हात पाहिले तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे गोल गोल उमटलेले दिसले. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारणपणे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाच जाड असतो, आणि मी त्यावर वाळलेले क्षार पॉलिशपेपरसारखे फिरवले होते.

त्यानंतर मी एक वर्तुळ नीट निरखून पाहिले. ते तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे होते. त्याच्या मधला पत्रा जवळजवळ स्वच्छ होता आणि कडेला मात्र खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. ओले बोट फिरवले की ती दिसेनाशी व्हायची आणि बोटाचा ओलावा सुकला की पुन्हा उमटायची. टेबलावर सांडलेला चहा वाळल्यावर त्याची कडाच तेवढी गडद राहते, तसाच हा प्रकार आहे. थेंबाचे पाणी कडेला लवकर उडते, ती तूट भरून काढायला मधले पाणी कडेकडे सरकते आणि जाताना आपल्यातले क्षारही तिकडे नेऊन टाकते. आमच्या आवारात वापरायला बोअरचे पाणी आहे. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, आणि त्याच्या भेगांतून मुरत खोल गेलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येते. गिझरच्या कॉइलवर जे पांढरे कवच बसते, तेच माझ्या बोनेटवर थेंबाथेंबाने बसले होते.

दुसरी चूक मात्र मी शहाणपणा समजून केली. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रातून एका बाजूने पिण्याचे पाणी येते आणि दुसऱ्या बाजूने बरेच पाणी मोरीत जाते. ते वाया जाणारे पाणी आठवडाभर बादल्यांत साठवून मी रविवारी त्यानेच गाडी शेवटची खळबळून काढली. यंत्रातून निघालेले पाणी म्हणजे निदान अर्धे तरी शुद्ध असणार, अशी माझी समजूत होती. डाग आधीपेक्षा ठसठशीत पडले. पुढे यंत्राचा फिल्टर बदलायला आलेल्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने खिशातून टीडीएस मीटर काढून तीन पेल्यांतले पाणी मोजले. बोअरचे पाणी ७८०, पिण्याचे ६० आणि मोरीत जाणारे १,०९०. "काका, पडदा क्षार खात नाही वो, इकडचं काढून तिकडं ढकलतोय," असे म्हणून तो हसला. हे आकडे एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेले आहेत ते सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतली जाते. म्हणजे मी बोअरच्या पाण्यापेक्षाही जड पाणी निवडून, जपून साठवून गाडीवर ओतले होते.

यातून सुटका झाली ती शेजारच्या इमारतीतल्या एका वयस्कर ड्रायव्हर मामांमुळे. त्यांनी ॲम्बॅसिडरच्या काळापासून दुसऱ्यांच्या गाड्या चकचकीत ठेवण्यात आयुष्य घालवले आहे. माझी धडपड ते गॅलरीतून दोन रविवार पाहत होते. तिसऱ्या रविवारी ते खाली आले, बोनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पत्रा तापलाय. आधी सावलीला घ्या. आणि पुसायचं म्हणून रगडू नका, पाणी उचलून घ्यायचं असतंय." आता मी ज्या पद्धतीने गाडी कोरडी करतो, त्यातले निम्मे त्यांचे आहे आणि निम्मे मी चुकत चुकत शिकलेले आहे.

धुण्याची वेळ मी सकाळी सातच्या आत ठेवली आहे, कारण तेव्हा आमच्या आवारात इमारतीची सावली असते आणि पत्रा थंड असतो. गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर इंजिनाच्या उष्णतेने बोनेटवरचे पाणी आपण फडके उचलेपर्यंत उडून जाते, म्हणून ती निवू देतो. पूर्ण गाडीला एकदम शाम्पू फासत नाही. एक बाजू धुतो, खळबळतो आणि पुढे सरकताना मागचा भाग अधूनमधून पुन्हा ओला करतो, म्हणजे कुठलाच थेंब मला न विचारता वाळत नाही. आरओचे टाकाऊ पाणी मी अजूनही वापरतो, पण ते सुरुवातीला चाकांवरचा आणि खालचा चिखल भिजवायला. गगनबावड्याकडून येताना लागणारी तांबडी माती त्याने चांगली सुटते आणि नंतर ते धुऊनच जाते.

शेवटचे पाणी ही यातली सगळ्यात मोलाची पायरी आहे, आणि मी बराच काळ ती नळीच्या फवाऱ्याने बिघडवत होतो. फवारा बारीक थेंब सोडतो, आणि जितके थेंब तितके डाग. नळीच्या तोंडाची जाळी काढून, धार मंद करून आणि नळी पत्र्याच्या जवळ धरून पाणी टपावरून संथ सोडले, तर ते एकसंध चादरीसारखे खाली घसरते आणि जाताना मागचे थेंबही ओढून नेते. पत्रा तेवढ्यानेच बराचसा मोकळा होतो. त्यानंतर कुंड्यांना पाणी घालायच्या झारीची चाळणी काढून मी पिण्याचे शुद्ध पाणी पाच-पाच लिटरच्या दोन झाऱ्या भरून वरून ओततो. टपाला एक आणि बोनेट, काचा व डिकीला मिळून दुसरी. पिण्याचे पाणी गाडीवर ओतायला मन धजत नव्हते, हे कबूल करतो. पण दहा लिटरांत ते भागते, आणि पूर्वी डाग काढण्यासाठी मी दुसऱ्यांदा गाडी धुवायचो त्यात याच्या कितीतरी पट पाणी जायचे. ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांना बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर चालते.

फडके मायक्रोफायबरचेच घ्यावे. मी ८०० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ८०० ग्रॅम वजनाचे, जाड आणि ऐसपैस फडके घेतले. वापरण्याआधी त्याच्या कडेला शिवलेली कंपनीची चिठ्ठी कात्रीने कापून टाकली, कारण ती चिठ्ठीही चरे पाडते. मनगटावरचे घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवतो. फडके पूर्ण उलगडून पत्र्यावर पसरायचे, हाताने न दाबता त्याचे दोन कोपरे धरून सावकाश आपल्याकडे ओढायचे, आणि पाणी त्याला आपसूक पिऊ द्यायचे. आधी टप, मग काचा, मग बोनेट आणि डिकी, शेवटी दारे. दारांच्या खालच्या पट्टीला आणि चाकांना वेगळे, जुने फडके ठेवले आहे. मोठे फडके एकदा जरी जमिनीवर पडले, तरी त्या दिवशी ते पुन्हा गाडीला लावत नाही. राहिलेल्या पुसट ओलाव्यावरून एक लहान, कोरडे फडके हलकेच फिरवले की काम झाले. हे फडके धुतानाही पथ्ये आहेत. सुती कपड्यांबरोबर धुतले की त्याला तंतू चिकटतात आणि कपडे मऊ करायचे द्रावण घातले की ते पाणी शोषायचे सोडून पुढे ढकलू लागते. हे मला एक फडके वाया घालवल्यावर कळले.

मध्यंतरी कोणी तरी सुचवले म्हणून मी वॅक्सही लावून पाहिले. त्याने पाण्याचे टपोरे मणी होतात आणि ते पाहायला छान वाटते, पण तो मणी जागेवर वाळू दिला तर त्याचाही डाग पडतोच. पाणी लवकर घसरते आणि फडके हलके चालते, इतकाच त्याचा फायदा आहे आणि तो खरा आहे.

खंडेनवमीचे जुने डाग काढायला साधे पांढरे व्हिनेगर आणि तितकेच शुद्ध पाणी मिसळून, त्यात भिजवलेले फडके थंड पत्र्यावर मिनिटभर ठेवून लगेच भरपूर पाण्याने धुतले. कॅल्शियमचे क्षार आम्लात विरघळतात, त्यामुळे बहुतेक वर्तुळे गेली. टपावरची पाच-सहा मात्र राहिली. पाण्यातली सिलिका व्हिनेगरला दाद देत नाही, आणि उन्हात भाजून निघालेला डाग वरच्या थरात रुतूनही बसतो. तिथे पॉलिशच करावे लागते, आणि ते मी माहीतगाराकडून करून घेतले.

गाडी कोरडी झाली असे वाटते तेव्हा दारांच्या चौकटीत, पेट्रोलच्या झाकणामागे, नंबरप्लेटखाली आणि कंपनीच्या बोधचिन्हाच्या खाचांत पाणी लपलेले असते. म्हणून चारही दारे आणि डिकी उघडून कडा पुसतो आणि मग कळंबा तलावापर्यंत एक चक्कर मारून येतो. त्या चकरेत ब्रेकच्या चकत्याही वाळतात, नाहीतर रात्रभर उभ्या गाडीत त्यांच्यावर तांबूस गंज धरतो. परत आल्यावर जिथे ओघळ दिसेल तिथे लहान फडके पुन्हा फिरवतो. उजव्या आरशाच्या पोटात कुठे तरी अजून दोन-तीन थेंब दडी मारून बसतात आणि गाडी उभी केल्यावर पाच मिनिटांनी हळूच दारावर उतरतात. त्यांच्यासाठी ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात एक हातरुमालाएवढे फडके कायम ठेवले आहे, आणि दर रविवारी मी त्या आरशापाशी पाच मिनिटे थांबतो.